नॅनोकणांच्या जाळीतला धारदार डिप गायब होतो तेव्हा : आधी प्रकाश तपासा, सॅम्पल नंतर

लक्षण असं. काचेवर सोन्याच्या नॅनोकणांची चौरस जाळी आहे. सिम्युलेशनमध्ये पारगमनाच्या (आरपार गेलेल्या प्रकाशाच्या) आलेखात चार-पाच नॅनोमीटर रुंदीचा खोल डिप, म्हणजे खळगा, दिसतो. टेबलावर मोजलं की त्याच जागी ऐंशी-शंभर नॅनोमीटर रुंदीचा बोथट खळगा मिळतो. याहून वैताग आणणारा प्रकार म्हणजे गेल्या आठवड्यात डिप होता, आज त्याच सॅम्पलवर नाही. पुढच्या आठवड्यात तो परत येतो, पण काही नॅनोमीटर सरकलेला.

अशा वेळी बहुतेक जण सॅम्पलला दोष देतात आणि नवीन बनवायला घेतात. पुन्हा ई-बीम (रेझिस्ट नावाच्या थरावर इलेक्ट्रॉन शलाकेने नक्षी काढणं), पुन्हा लिफ्ट-ऑफ (रेझिस्टसकट नको असलेला धातू काढणं), पुन्हा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासणं). नव्या सॅम्पलवर डिप दिसला की निदान बरोबर होतं असं वाटतं. प्रत्यक्षात मधल्या काळात कोणीतरी कंडेन्सर (मायक्रोस्कोपमध्ये सॅम्पलवर प्रकाश टाकणारं भिंग) हलवलेला असतो. म्हणून सॅम्पलला हात लावायच्या आधी बाकी सगळं तपासून संपवा. त्यातल्या बहुतेक तपासण्या एका दुपारी होतात आणि त्यांना क्लीनरूम लागत नाही.

डिप कशामुळे येतो ते थोडक्यात सांगतो, कारण तपासणीचा क्रम त्यावरूनच ठरतो. एकट्या सोन्याच्या कणाचा प्लाझ्मॉन अनुनाद (प्रकाशामुळे धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं एकत्र डोलणं) रुंदच असतो. कण जाळीत बसवले की ठरावीक तरंगलांबीला विवर्तित प्रकाश पृष्ठभागाला समांतर धावू लागतो आणि एका कणाने फेकलेला प्रकाश शेजारच्या कणापर्यंत त्याच कलेत पोचतो. या समांतर विवर्तनाचा धागा जुना आहे. वुड यांनी १९०२ मध्ये जाळीच्या वर्णपटात अशी अनपेक्षित अडखळण पाहिली आणि रॅले यांनी १९०७ मध्ये तिचा संबंध विवर्तनाच्या या अटीशी जोडला. धातूच्या कणांच्या जाळीत यातून फार अरुंद रेषा मिळू शकतात, हे जॉर्ज शॅट्झ यांच्या गटाने २००४ मध्ये गणिताने दाखवलं. प्रयोगात त्या ठळकपणे दिसायला २००८ उजाडलं. मधली चार वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण गणित सोपं असूनही टेबलावर हा परिणाम मिळवणं सोपं नव्हतं.

प्रकाश लंब पडत असेल तर अट सरळ आहे. तरंगलांबी म्हणजे भोवतालच्या माध्यमाचा अपवर्तनांक गुणिले पिच (शेजारच्या दोन कणांच्या केंद्रांमधलं अंतर). पिच ४०० नॅनोमीटर आणि अपवर्तनांक १.५२ असेल तर ६०८ नॅनोमीटर मिळतात. डिप याच्या किंचित लाल, म्हणजे जास्त तरंगलांबीच्या, बाजूला बसतो. प्रकाश तिरका आला तर अपवर्तनांकात कोनाची साइन मिळवायची किंवा वजा करायची आणि मग पिचने गुणायचं.

आता सिम्युलेशनमध्ये काय काय फुकट मिळतं ते बघा. प्रकाश नेमक्या एकाच कोनातून येतो. वर-खाली अपवर्तनांक तुम्ही भरला तोच असतो. सीमा-अटींमुळे जाळी अनंत असते. कण सगळे एकसारखे असतात. या चारही गोष्टी टेबलावर कष्टाने मिळवाव्या लागतात आणि डिप जातो तेव्हा यातलीच एखादी हातून निसटलेली असते. कोणती किती वेळा निसटते ते बघितलं तर पहिल्या दोन फार पुढे आहेत.

कोन

४०० नॅनोमीटर पिचला कोनातला एक अंश म्हणजे सात नॅनोमीटर. हा आकडा पाठच करून टाका.

आता मायक्रोस्कोपकडे वळा. ०.१ एनए (न्यूमेरिकल ॲपर्चर, म्हणजे प्रकाशाच्या शंकूच्या अर्ध्या कोनाची साइन) म्हणजे प्रकाशाचा बराच बारीक शंकू, तरी ६०८ ची अट ५६८ पासून ६४८ पर्यंत पसरते. ०.३ एनएला ती ४८८ ते ७२८ अशी सगळ्या दृश्य पटावर सांडते. प्रत्येक कोनाचा डिप आपापल्या जागी धारदारच असतो, पण स्पेक्ट्रोमीटरला त्या सगळ्यांची बेरीज दिसते आणि ती बेरीज म्हणजे तुमचा बोथट खळगा. सॅम्पलवर शंका घेण्यासारखं इथे काहीच नाही.

पारगमनात मोजत असाल तर कंडेन्सरचा ॲपर्चर डायफ्रॅम पूर्ण मिटवा. फील्ड डायफ्रॅम नव्हे! हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की स्वतंत्र सांगावा लागतो. फील्ड डायफ्रॅम किती जागा उजळायची ते ठरवतो. ॲपर्चर डायफ्रॅम किती कोनांतून उजळायची ते ठरवतो. पहिला मिटवला की प्रकाशाचा ठिपका लहान होतो आणि आपण काहीतरी नीटनेटकं केलंय असं वाटतं, पण कोनांचा पसारा जिथल्या तिथे राहतो. कोणता कोणता ते ओळखायची खूण अशी : सॅम्पल फोकसमध्ये असताना ज्याची कड दृश्यात स्पष्ट दिसते तो फील्ड. जो मिटवल्यावर कड न दिसता सगळं दृश्य सारखंच अंधुक होत जातं तो ॲपर्चर.

निदानाची सगळ्यात भरवशाची चाचणीही हीच आहे. ॲपर्चर डायफ्रॅम टप्प्याटप्प्याने मिटवत जा आणि प्रत्येक टप्प्याला स्पेक्ट्रम घ्या. प्रकाश कमी होईल तसा इंटिग्रेशनचा वेळ वाढवा. दर टप्प्याला खळगा अरुंद आणि खोल होत असेल तर जाळी ठणठणीत आहे. काहीच फरक पडत नसेल तर मात्र दोष दुसरीकडे शोधायचा.

फायबर आणि कोलिमेटर (फायबरमधून आलेला प्रकाश समांतर करणारं भिंग) वापरणारे निर्धास्त असतात, कारण ‘आमची शलाका समांतर आहे’. ती किती समांतर आहे ते मोजा. फायबरच्या गाभ्याची त्रिज्या भागिले कोलिमेटरचं नाभीय अंतर, एवढाच हिशेब. ६०० मायक्रॉन गाभा आणि १० मिलिमीटरचं भिंग असेल तर ०.०३ रेडियन, म्हणजे दोन्ही बाजूंना १.७ अंश. डिपच्या भाषेत हे दोन्ही बाजूंना बारा नॅनोमीटर झाले. ५० मायक्रॉनचा फायबर लावला की तेच एका नॅनोमीटरवर येतं. त्यामुळे ‘परवा डिप होता, आज नाही’ अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो : मधे फायबर कोणी बदलला? जास्त प्रकाश मिळावा म्हणून जाड फायबर लावणारा माणूस प्रत्येक लॅबमध्ये असतो.

कोनाचं दुसरं रूप म्हणजे कललेलं सॅम्पल. यात डिप रुंद होत नाही, दुभंगतो. एका अंशाच्या कलाने ६०८ चे दोन होतात, ६०१ आणि ६१५ च्या आसपास. कमी कल असेल तर दोन डिप वेगळे न दिसता एकच पसरट, सपाट तळाचा डिप दिसतो आणि मग त्याला ‘वाढलेला धातूचा लॉस’ वगैरे नावं दिली जातात. पोलरायझर नव्वद अंशांनी फिरवून बघा. सॅम्पल जाळीच्या एकाच अक्षाच्या दिशेने कललेलं असेल तर एका ध्रुवीकरणात दुभंगलेला आणि दुसऱ्यात जवळजवळ अखंड डिप मिळतो. अशी जोडी दिसली की दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय साधा आहे. शलाकेच्या वाटेवर आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) ठेवा आणि काचेवरून परतणारा ठिपका त्याच छिद्रात बसवा. आयरिस सॅम्पलपासून अर्धा मीटर दूर असेल तर एका अंशाच्या कलाने परतीचा ठिपका सतरा मिलिमीटर सरकतो. तो छिद्रापासून एका मिलिमीटरच्या आत आणला की कोनाची चूक अंशाच्या दहाव्या भागाहून कमी झाली. प्रत्येक वेळी सॅम्पल बदललं की हे पुन्हा करायचं. स्टेजचा स्क्रू ‘तसाच आहे’ यावर विश्वास ठेवू नका, कारण सॅम्पलखाली आलेला धुळीचा कणही पुरतो.

भोवतालचा अपवर्तनांक

काचेवरची जाळी हवेत उघडी मोजली तर वरच्या बाजूची अट ४०० नॅनोमीटरला आणि खालच्या बाजूची ६०८ ला. काचेच्या बाजूने धावणारा प्रकाश आणि हवेच्या बाजूने धावणारा प्रकाश एकमेकांशी कलेत राहू शकत नाहीत, म्हणून कणांमधला संवाद कमजोर पडतो. डिप नाहीसा होतो किंवा नुसती एक बारीक कड उरते. काही रचनांमध्ये, उदाहरणार्थ बऱ्यापैकी उंच कणांमध्ये, हवेतही अरुंद रेषा मिळतात. पण चपट्या चकत्यांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

म्हणून वरून इमर्शन ऑइल (काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेलं तेल) आणि कव्हर स्लिप (पातळ काच). इथेही तीन-चार ठिकाणी घोळ होतो.

एक म्हणजे तेल आणि काच जुळत नाहीत. नेहमीच्या तेलाचा अपवर्तनांक १.५१५ ते १.५१८ असतो. साध्या काचेला तो चालतो. पण सॅम्पल फ्यूज्ड सिलिकावर असेल तर खाली १.४६ आहे आणि जुळणी फसली. बाहेरून आलेल्या सॅम्पलची काच कोणती, हे डबीवर लिहिलेलं नसतं. विचारून घ्या.

तेल सगळीकडे पोचत नाही, हा दुसरा प्रकार. लिफ्ट-ऑफनंतर रेझिस्टचा अंश उरला असेल किंवा पृष्ठभागावर चरबट थर असेल तर तेल जाळीच्या कडेला थबकतं आणि आत हवेचा पातळ पापुद्रा राहतो. वरून बघताना सॅम्पल ओलं दिसतं, स्पेक्ट्रम मात्र कोरड्या सॅम्पलचा येतो. खात्री करायची असेल तर वर हवा धरून सिम्युलेशन पुन्हा चालवा आणि मोजलेला आलेख त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर तेल आत शिरलेलंच नाही. तेलाऐवजी पॉलिमरचा थर देणाऱ्यांनी जाडीकडे लक्ष द्यावं. शंभर नॅनोमीटरच्या थराला इथे किंमत नाही. जाळीच्या या अनुनादाचं क्षेत्र पृष्ठभागापासून तरंगलांबीएवढं दूर सहज पसरतं, त्यामुळे थर मायक्रॉनच्या घरात हवा.

‘सकाळी ६१२, संध्याकाळी ६१०’ अशा तक्रारीमागे बहुधा तापमान असतं. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००४ ने घटतो. दिव्याखाली सॅम्पल दहा अंशांनी तापलं तर अट दीड नॅनोमीटरने निळ्या बाजूला सरकते. पाच नॅनोमीटर रुंदीच्या डिपसाठी हे दुर्लक्ष करण्याएवढं नाही, आणि सेन्सर म्हणून वापरत असाल तर याला परिणाम समजून बसण्याचा धोका आहे. दिवा आणि सॅम्पलमध्ये उष्णता अडवणारं फिल्टर ठेवा, दिवा लावून थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच संदर्भ स्पेक्ट्रम घ्या.

संदर्भाचंही एक सांगून टाकतो. तो त्याच सॅम्पलच्या कोऱ्या कडेवर, त्याच तेलाखाली आणि त्याच कव्हर स्लिपखाली घ्यायचा. कोरड्या काचेचा संदर्भ लावला की आलेखावर मंद लाटा येतात आणि त्यांच्या उतारावर डिपचा आकार बिघडतो.

पाण्यात मोजणाऱ्यांची अडचण वेगळी. खाली १.५२, वर १.३३. हा फरक तेलाने मिटणार नाही, कारण वर पाणीच हवं आहे. त्यांना काचेवर सायटॉपसारख्या कमी अपवर्तनांकाच्या फ्लुओरोपॉलिमरचा जाड थर देऊन त्यावर जाळी बनवावी लागते. त्याचा अपवर्तनांक १.३४, पाण्याच्या अगदी शेजारी.

पोलरायझर आणि स्पेक्ट्रोमीटर

चौरस जाळीत ध्रुवीकरणाची चूक लपून जाते, आयताकृती जाळीत ती उघडी पडते. कण ज्या दिशेने दोलायमान होतो त्या दिशेने तो प्रकाश फेकत नाही. म्हणून विद्युतक्षेत्र आडवं असेल तर डिप उभ्या पिचवरून ठरतो. सूत्रात चुकीचा पिच घालून ‘डिप शंभर नॅनोमीटर सरकला’ म्हणणारे बरेच भेटतात.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोनच गोष्टी बघायच्या, स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) आणि सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं). स्मूदिंग कोणीतरी आधीच्या प्रयोगासाठी चालू करून तसंच सोडलेलं असतं. पाऱ्याच्या दिव्याची ५४६.१ ची रेषा घ्या. तीच तीन नॅनोमीटर रुंद दिसत असेल तर तुमचा डिप त्याहून अरुंद कधीच दिसणार नाही.

मग सॅम्पल

इथपर्यंत सगळं नीट निघालं तरच सॅम्पलकडे वळा. तेव्हाही एसईएम सगळ्यात शेवटी. इलेक्ट्रॉन शलाकेखाली पृष्ठभागावर कार्बनचा थर जमतो, कणांचा अनुनाद सरकतो, आणि ज्या जागेची प्रतिमा घेतली ती जागा पुढच्या मोजणीला निरुपयोगी होऊ शकते. प्रतिमा घ्यायचीच तर त्याच काचेवर ई-बीमच्या त्याच डोसची (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याच्या प्रमाणाची) एक जादा जाळी काढून ठेवावी आणि बळी तिचा द्यावा.

पिच तपासायला एसईएम लागतच नाही. ५३२ नॅनोमीटरचा कमी शक्तीचा लेसर सॅम्पलवर टाका आणि विवर्तित ठिपका आल्या वाटेने परत येईपर्यंत सॅम्पल फिरवा. दोन गुणिले पिच गुणिले कोनाची साइन बरोबर तरंगलांबी. ४०० नॅनोमीटरला हा कोन ४१.७ अंश येतो, ४१० ला ४०.४ च्या जरा वर. म्हणजे साधं कोनमापक असलेलं स्टेजही दहा नॅनोमीटरची चूक पकडतं. पीडीएमएस या सिलिकॉन रबरावरच्या जाळ्यांना ही चाचणी हमखास करावी. ते रबर ताणलं जातं आणि टोल्युइन-हेक्झेनसारख्या द्रावकांत फुगतं. एक टक्का ताण म्हणजे पिचमध्ये चार नॅनोमीटर आणि डिपमध्ये साडेपाचच्या आसपास.

पिच बरोबर आहे तरी डिप नाही, तर कणाचा स्वतःचा अनुनाद कुठे आहे ते बघा. जाळीची अट त्याच्या लाल बाजूला हवी. ई-बीमचा डोस थोडा जास्त झाला, चकत्या ठरवल्यापेक्षा मोठ्या झाल्या, की त्यांचा अनुनाद लाल बाजूला सरकून अटीच्या पलीकडे जातो आणि धारदार रेषा मिळत नाही. उलट कण फारच लहान असतील तर शेजाऱ्यांशी बोलण्याइतकं त्यांचं विकिरणच नसतं. डिप असतो, पण इतका उथळ की गोंगाटात बुडतो. सोन्याच्या बाबतीत आणखी एक कुंपण आहे : साधारण ५२० नॅनोमीटरच्या खाली धातू स्वतःच प्रकाश गिळतो. ३३० नॅनोमीटर पिच घेऊन काचेत ५०२ ला धारदार डिप मागणं म्हणजे चुकीच्या धातूकडे मागणं. तिथे चांदी किंवा ॲल्युमिनियम.

सोनं काचेला धरून राहावं म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा दोन-पाच नॅनोमीटरचा थर देतात. हा थर अनुनाद मंदावतो, क्रोमियम जास्तच. बाष्पीभवन करणाऱ्याला ‘जरा जास्त घाल, निघायला नको’ असं सांगितलं असेल तर किंमत इथे मोजावी लागते. थायॉल असलेल्या सिलेनचा (एका टोकाने सोनं आणि दुसऱ्याने काच धरणाऱ्या रेणूचा) एकरेणवीय थर दिला तर हा त्रास वाचतो, फक्त काच अगदी स्वच्छ हवी.

चांदीचं सॅम्पल दर आठवड्याला थोडं थोडं लाल सरकत असेल आणि डिप उथळ होत असेल, तर ते गंधकाने काळवंडतंय. गेलेलं परत येत नाही. काही नॅनोमीटरचा ॲल्युमिनाचा थर ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने लगेच द्यावा, नाहीतर नायट्रोजनमध्ये ठेवावं. गंधकाने व्हल्कनाइझ केलेल्या रबराच्या जवळ तर नकोच. आणि चांदीवर ऑक्सिजन प्लाझ्मा चालवू नये. रेझिस्ट साफ होतं, पण चांदीही ऑक्साइड होऊन बसते.

रासायनिक पद्धतीने बनवलेले कण खाचांमध्ये बसवणाऱ्यांचं दुखणं बहुधा भरण्यात असतं. कण असलेल्या द्रवाची कड मागे सरकताना तिचा संपर्ककोन फार कमी झाला तर ती सगळीकडे थर सोडत जाते आणि कण खाचांबाहेरही चिकटतात. फार जास्त असेल तर खाचा रिकाम्या राहतात. हा कोन सरफॅक्टंटवर (द्रवाचा पृष्ठताण कमी करणाऱ्या रसायनावर) ठरतो, आणि सीटॅब हा सरफॅक्टंट असेल तर ते साधारण पंचवीस अंशांच्या खाली थंड झालं की स्फटिक होऊन बाहेर पडतं. ‘तीच कृती, तेच द्रावण, पण थंडीत जमत नाही’ याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. द्रावण कोमट करा, बाटलीच्या तळाचे पांढरे स्फटिक विरघळेपर्यंत थांबा, मग वापरा. एकेका खाचेत दोन-दोन कण बसले असतील तर मुख्य खळग्याच्या लाल बाजूला एक वेगळा खांदा दिसतो, तो एसईएमच्या आधीच सांगून जातो.

शेवटी जाळीचा आकार. ३० मायक्रॉनच्या चौरसात ४०० नॅनोमीटर पिचने एका ओळीत पंच्याहत्तर कण बसतात. ढोबळ हिशेबाने रेषेची रुंदी तरंगलांबी भागिले कणसंख्येच्या खाली जात नाही, म्हणजे इथे आठ नॅनोमीटर. १०० मायक्रॉनला तीच मर्यादा अडीचच्या आसपास येते. सिम्युलेशनने तीन नॅनोमीटर दाखवले आणि जाळी ३० मायक्रॉनचीच काढली असेल, तर ते तीन नॅनोमीटर कुठल्याच दिवशी दिसणार नव्हते. त्यात प्रकाशाचा ठिपका जाळीपेक्षा मोठा असेल तर कडेने निसटलेला प्रकाश डिपचा तळ भरून काढतो. त्यासाठी प्रतिमेच्या प्रतलात छिद्र लावून फक्त जाळीचा प्रकाश आत घ्या. इथे फील्ड डायफ्रॅम मिटवलात तर तो योग्य कामाला लागला.